शून्याची ओळ

दादा, काल तुझी तेरवी झाली. सोयरे गेले, मंडप उतरला, मागून आणलेली पातेली ज्याच्या त्याच्या घरी पोचली. आता घर मोकळं आहे, तेव्हा मी तुझ्याशी भांडायला बसले आहे. एकदा मामांपुढं तोंड उघडलं तेवढं सोडलं, तर इतके दिवस दातओठ खाऊन गप्प होते. लोकांना वाटलं, बहिणीला धक्का बसलाय, तिला बोलणं सुचत नाही. सुचत होतं रे. पण जे सुचत होतं ते पिंडासमोर बोलण्यासारखं नव्हतं.

मला तुझा राग आलाय. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुठं गोड बोलले तर तुझा गैरसमज व्हायला नको.

माणसं येत होती आणि एकच शब्द ठेवून जात होती. नशीब. मामा तर ओसरीवर मांडी घालून म्हणाले, "ज्याचं जेवढं लिवलेलं असतं तेवढंच. आपल्या हातात काय हाय?" तुझ्या घरात, तुझ्या फोटोखाली बसून! तू असतास तर त्यांना चहा पाजला असतास, खडू मिळाला नाही तर कोळशानं जमिनीवर तक्ता आखला असतास, आणि मामा 'व्हय व्हय' म्हणत निघून जाईपर्यंत त्यांना संभाव्यता समजावली असतीस. माझ्यात तेवढा दम नाही. मी म्हणाले, "मामा, हातात होतं. त्याच्याच हातात होतं, आणि त्यानं केलं नाही." वहिनी उठून आत गेली. मामांनी उपरण्यानं तोंड पुसलं. तेव्हापासून सोयऱ्यांत चर्चा आहे की सुमी शिकून वाया गेली.

बारावीला तू मला शिकवायला होतास, हे माझं नशीब. बघ, माझ्याही तोंडी तोच मेला शब्द आला. सेनगावच्या कॉलेजात तू नवाच लागला होतास. गावातून आपण एकाच सायकलवर निघायचो आणि फाटकाच्या अलीकडं तू मला उतरवायचास, कारण आत गेल्यावर मी तुझी कोणी नव्हते. वर्गात 'सर' म्हणायचं. चुकून 'दादा' निघालं की पोरं फिदीफिदी हसायची आणि तू फळ्याकडं तोंड करून उगाच काहीतरी पुसायचास. संध्याकाळी मी उट्टं काढायचे, "सर, भाकरी वाढू का?" माय चुलीपुढून तुला म्हणायची, "सर सर करून राहिली, तर आज उपाशी ठिव तिला."

संभाव्यता वितरणाचा धडा आला तेव्हा पुस्तकात नाणी होती, फासे होते आणि पत्त्यांची बावन्न पानं. वर्गातल्या आम्हा पोरींनी पत्ते हातात धरले असते तर घरी मार बसला असता. इस्पिक कुठलं, किल्वर कुठलं, इथंच आमचा तास संपायचा. तू पुस्तक मिटलंस आणि म्हणालास, "ज्यांच्या घरी शेळ्या हायत त्यांनी हात वर करा." जवळजवळ सगळा वर्ग हात वर करून बसला. आपल्यासारखी शेळ्या-मेंढ्यांवर वाढलेली घरं तर होतीच, पण शेतीवाल्यांच्या दावणीलाही दोन-चार शेळ्या असायच्याच.

"शेळी गाभण हाय. करडं किती व्हतील?"

"एक, सर." "न्हाई, दोन."

"नक्की सांगता येतं?"

"न्हाई सर."

"मग दहा व्हतील का?"

वर्ग हसला. तू म्हणालास, "म्हणजे नेमकं किती होईल ते माहीत न्हाई, पण काय काय होऊ शकतं ते तर माहीत हाय ना? आणि त्यातलं कोणतं जास्त वेळा होतं, कोणतं क्वचित, हे तुमच्या मायला विचारा, ती झोपेतही सांगेल. त्या आकड्याला आपण X म्हणू. पुस्तकात ज्याला यादृच्छिक चल म्हटलंय ना, तो हाच. आणि त्याची कोणती किंमत किती वेळा येते याचा तक्ता म्हणजे त्याचं वितरण." नाण्यांनी आणि फाशांनी जे आठवडाभर शिरत नव्हतं, ते त्या एका तासात डोक्यात शिरलं.

मग तू मागच्या हंगामातल्या गाभण शेळ्यांपैकी वीस शेळ्या धरल्यास, कोणाच्या घरची कोणती ते ठरवून दिलंस, आणि प्रत्येकीला किती करडं झाली ते घरी विचारून यायला सांगितलंस. दुसऱ्या दिवशी फळ्यावर आकडे आले. एक करडू दिलेल्या नऊ, दोन दिलेल्या आठ, तीन दिलेली एक. विसानं भागून आम्ही संभाव्यता लिहिल्या, ०.४५, ०.४०, ०.०५. तू म्हणालास, बेरीज करा. सगळ्या शक्यतांची बेरीज एक आलीच पाहिजे, कारण काही ना काही तर होतंच. बेरीज आली ०.९०.

"दोन शेळ्या कुठं गेल्या?" तू विचारलंस.

कुठं गेल्या ते सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं, कारण त्यातली एक आपल्याच दावणीची होती. गाभ टाकलेल्या शेळीचं नाव आपल्याकडं काढत नाहीत. माय तर शेजारणीलाही काढू द्यायची नाही. "हळू बोल गं बाई, बाकीच्या ऐकत्यात," म्हणायची. बाकीच्या म्हणजे गोठ्यातल्या गाभण शेळ्या. त्यांच्या कानावर गेलं तर त्यांचाही गाभ पडतो, असा समज. मी त्या शेळीचा आकडा सांगितलाच नव्हता, आणि पलीकडच्या गल्लीतल्या पोरीनंही तिच्या घरच्या शेळीचा सांगितला नव्हता. आम्ही आपसात काही ठरवलं नव्हतं.

तू तक्त्याच्या डोक्यावर जागा करून एक ओळ घातलीस. X बरोबर शून्य, संभाव्यता ०.१०. मग सरासरी काढायला लावलीस. ती आली एक पूर्णांक चार दशांश. मागच्या बाकावरचा विठ्ठल लगेच म्हणाला, "सर, चार दशांश करडू म्हणजे मागचे पाय का पुढचे?" तूही हसलास. पण विठ्ठल नुसता टवाळ नव्हता. त्यानं पुढं विचारलं, "शून्याला कशानं बी गुणलं तरी शून्यच येतं ना, सर? ती ओळ काढली तरी सरासरी तेवढीच ऱ्हाती. मग लिवायची काहून?"

त्याचं बरोबर होतं. मी वहीत करून पाहिलं, सरासरी खरंच हलत नव्हती. तू खडू खाली ठेवलास आणि म्हणालास, "सरासरीला तिचा उपयोग न्हाई, विठ्ठल. पण ती शेळी व्हती का नव्हती? व्हती ना? मग लिव."

दादा, हे तुझं वाक्य आहे. हे मी वापरणार आहे आज तुझ्याविरुद्ध, म्हणून आठवण करून दिली.

त्या दिवशी घरी येऊन मी चुगली केली. माय हातातलं घमेलं तसंच टाकून आली. "फळ्यावर लिवलं? समद्यांच्या म्होरं? पोटातलं मोजू न्हाई रे बाबा. तू काय जोतिषी झाला का?"

तू म्हणालास, "माय, जोतिषी एकच सांगतो आन् तेच होईल म्हनतो. मी समदं सांगतो आन् त्यातलं कोनतं होईल ते सांगत न्हाई."

"मंग तुला पगार कशाचा देत्यात?" माय म्हणाली. तू पोट धरून हसलास. पुढं कित्येक वर्षं स्टाफरूममध्ये तू हा किस्सा सांगायचास.

त्या शून्याच्या ओळीपायी मी संख्याशास्त्र घेतलं. बी.एस्सी.नंतर मामांनी माझ्यासाठी स्थळ आणलं तेव्हा दारात उभा राहून तू म्हणालास, "तिचं शिक्षण व्हऊ द्या, मंग बघू." मामांनी तेव्हाही उपरण्यानं तोंड पुसलं होतं. वाशिमला मला नोकरी लागली त्या दिवशी तू सायकलवरून साऱ्या गावाला पेढे वाटलेस. आजही मी वितरणाचा पहिला तक्ता शून्यापासून सुरू करते, आणि पोरांना सांगते, बेरीज केल्याशिवाय तक्ता पूर्ण झाला म्हणायचं नाही. ही शिस्त तुझी. मी तुझी ऋणी आहे, आणि ऋणी असलेल्या माणसाला तू असं फसवलंस.

कनेरगाव नाक्यावरचा आपला धाबा आठवतो ना? तू हिंगोलीकडून यायचास, मी वाशिमकडून. मायनं दिलेलं लोणचं, तिखट, शेंगा तू मला पोचवायचास आणि मी तुला पुस्तकं द्यायचे. मग चहावर चहा आणि भांडण. भांडणही जुनंच. तू म्हणायचास, वितरण खांडाला, म्हणजे अख्ख्या कळपाला असतं, एकट्या शेळीला नसतं. एकटीचं काय व्हायचं ते होतं. मी म्हणायचे, खांडाचं सरासरीनं जे व्हायचं ते होतंच, निर्णय घ्यायचा असतो तो एकट्या शेळीचा, आणि वितरण लागतं ते तेव्हाच. शेजारच्या बाजेवरचे ट्रकवाले आपल्याकडं बघायचे. भाऊबहीण शेतीच्या वाटणीवरून भांडतायत, असं वाटायचं त्यांना.

मागच्या हिवाळ्यातला तो रविवार. रस्ता ओलांडून आलास आणि खुर्चीची पाठ धरून उभा राहिलास. मी म्हणाले, दम लागला का? तू म्हणालास, ऊन हाय. हिवाळ्यातलं ऊन! भजी मागवली तर म्हणालास, पित्त झालंय. मग म्हणालास, "सुमे, एक उदाहरण हाय. तुझ्या पोरांना परीक्षेत देता येईल."

ग्लासातल्या पाण्यात बोट बुडवून तू टेबलावर दोन तक्ते आखलेस. "एक शेळी हाय. चांगली हाय, पण आत कायतरी बिघाड हाय. डॉक्टर म्हनतो कापून दुरुस्त करतो. X म्हणजे ती अजून किती वेळा विईल." डावीकडं लिहिलंस, कापली तर. शून्य वेळा, एक दशांश. पाच वेळा, नऊ दशांश. उजवीकडं लिहिलंस, नाही कापली तर. एकदा, तीन दशांश. दोनदा, तीन दशांश. तीनदा, एक दशांश.

हे गणित पोरखेळ होतं. डावीकडची सरासरी साडेचार, उजवीकडची एक पूर्णांक दोन दशांश. मी म्हणाले, "दादा, यात विचारायचं काय? कापायची." तू मान हलवलीस. मग माझं लक्ष गेलं. "आणि तुझा तक्ता चुकलाय. उजवीकडची बेरीज सातच दशांश येते. तीन दशांश कुठं गेले?"

तू ओल्या बोटानं तक्त्याखाली एक रेघ ओढलीस. मग म्हणालास, "त्यानं सरासरी बदलते का?"

"नाही बदलत."

"मग राहू दे."

मी तिथंच चिडले होते. मला वाटलं, तू मुद्दाम मला डिवचतोयस, जुन्या भांडणाला फोडणी देतोयस. मी म्हणाले, "विठ्ठलाला काय सांगितलं होतंस?" तू म्हणालास, "तू खांडाचं बोलून राहिली, सुमे. शंभर शेळ्या असत्या तर मीबी कापल्या असत्या. ही एकच हाय."

"एकच आहे म्हणून तर," मी म्हणाले, आणि वाशिमची गाडी आली. तू लोणच्याची बरणी माझ्या हातात दिलीस. "पुढच्या टायमाला भांडू," म्हणालास. मी खिडकीतून पाहिलं तेव्हा तू टेबलाकडं परतला होतास, आणि टेबलावरचं पाणी वाळत आलं होतं.

पुढं एकदा फोनवर मी सहज विचारलं, "त्या शेळीचं काय केलं रे?" तू म्हणालास, "काही न्हाई. चरून राहिली मस्त."

चरून राहिली मस्त! दादा, हे म्हणताना तुझी जीभ कशी रे वळली?

सेनगावच्या स्टँडवर सकाळच्या गाडीची वाट पाहत असताना तू बसल्या जागी गेलास. तिसऱ्या दिवशी राख सावडून आल्यावर तुझ्या कॉलेजातले शिंदे सर मला बाजूला घेऊन रडायला लागले. तुला डॉक्टरकडं तेच घेऊन गेले होते. हृदयाची झडप खराब झालेली होती. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं होतं. धोका आहे, पण बहुतेक माणसं बरी होऊन घरी जातात, असं सांगितलं होतं. नाही केलं तर काही वर्षं निघतील, किंवा उद्याच अचानक काही होईल, हेही सांगितलं होतं. आणि बाहेर आल्यावर तू शिंदे सरांना शपथ घातली होतीस. वहिनीला म्हणालास, गोळ्यांवर भागतंय. मायला म्हणालास, पित्त आहे. आणि माझ्याकडं तू शेळी घेऊन आलास.

ते तीन दशांश तिथं होते, त्या 'उद्याच'मध्ये. ऑपरेशनच्या बाजूचं शून्य तू पहिल्या ओळीत ठळक लिहिलंस, कारण त्याची तुला भीती वाटत होती. दुसऱ्या बाजूचं शून्य त्याच्या तिप्पट मोठं, आणि ते तू लिहिलंच नाहीस. का? ऑपरेशनच्या टेबलावर आडवं होऊन आलेलं मरण ते मरण, आणि स्टँडवर बसल्या बसल्या आलेलं मरण ते नव्हे? ज्या चुकीसाठी तू बारावीच्या पोरांचे मार्क कापायचास ती तू स्वतःच्या जिवाच्या तक्त्यात केलीस. चूकही म्हणवत नाही मला. बेरीज कमी येते हे तुला दिसत होतं. मी दाखवलंही. तू म्हणालास, राहू दे.

ती शेळी होती का नव्हती, दादा?

उत्तर तुला पाहिजे होतं की नव्हतं, हेच मला कळत नाही. मी 'कापायची' म्हणाले, तर तू ऐकलं नाहीस. मी 'नको' म्हणाले असते, तर ऐकलं असतंस का? म्हणजे तू मला विचारायला आलाच नव्हतास. तू फक्त कोणाजवळ तरी बसायला आला होतास. मग तसं सांगायचं ना! "सुमे, मला भ्याव वाटून राहिलं," एवढंच म्हणायचं. त्याला X लागत नाही, तक्ता लागत नाही. मी भजी तशीच टाकून तुझ्याबरोबर हिंगोलीच्या गाडीत बसले असते. वहिनीला सांगितलं असतं, मायला सांगितलं असतं, तुझ्या शपथा चुलीत घातल्या असत्या. रडले असते, भांडले असते आणि तुला ओढत ऑपरेशनला नेलं असतं. तिथं तू गेला असतास तर गेला असतास. तेही झालं असतं कदाचित, त्याची ओळ मी पुसत नाही. पण मी तुझ्या बाजूला उभी असते. तू मला धाब्यावर बसवून परीक्षेचं उदाहरण दिलंस आणि मी गाडीत बसून लोणच्याचा वास घेत घरी गेले.

याचा राग आहे मला. तुझ्या मरणाचा राग नंतर येईल, आता याचाच आहे.

मायचं सांगते. तेरवीची पंगत उठल्यावर ती दिसेना. मी मागं गेले तर ती गोठ्यात उभी. गाभण शेळ्या बांधलेल्या, चारा ओढतायत. माय त्यांच्यासमोर उभी राहून मोठ्यानं बोलत होती, "माझं लेकरू गेलं. ऐकून राहिल्या का? माझं पोरगं गेलं. ऐका, समद्या ऐका." मी तिला धरायला गेले तर तिनं माझा हात झटकला. "बोलू दे मला," म्हणाली, "इतकी वर्सं गप बसले. काय ऱ्हायलं गप बसून?" शेळ्यांनी माना वर करून तिच्याकडं पाहिलं आणि पुन्हा चाऱ्यात तोंड घातलं. मग माय खाली बसली आणि मी तिच्याजवळ बसले.

तिनं जन्मभर धरलेला नेम तुझ्यासाठी मोडला, दादा. आणि तू, ज्यानं तो फळ्यावर सगळ्या वर्गासमोर मोडला होता, तू शेवटी तोच उरी धरून बसलास. उच्चारलं नाही तर होणार नाही, असं वाटलं का तुला? बाकीचे ऐकतील म्हणून गप्प बसलास? आम्हीच ना रे ते बाकीचे?

उद्या मी वाशिमला जाणार. कॉलेज सुरू झालंय, वितरणाचा धडा माझी वाट बघतोय. मामा म्हणतात, जरा थांब, लोक काय म्हणतील. लोकांना म्हणू दे.

आज सकाळी तुझ्या कोनाड्यातला खडू घेतला आणि ओसरीवर, मामा बसले होते तिथंच, तुझा उजवीकडचा तक्ता काढला. नाही कापली तर. एकदा, तीन दशांश. दोनदा, तीन दशांश. तीनदा, एक दशांश. मग तू शिकवलंस तसं सगळ्यात वर जागा करून ओळ घातली. शून्य, तीन दशांश. वहिनी दारात उभी राहून बघत होती. हे काय म्हणून तिनं विचारलं, तर मी सांगितलं, दादाचं एक उदाहरण अर्धं राहिलं होतं.

बेरीज केली. एक येते, दादा. बराबर एक येते. माझा तक्ता तू तपासल्याशिवाय कधी पुसू दिला नाहीस. मग ऊठ ना आता. ऊठ आणि तपास.